शांतादुर्गा नेमकी कुठली? होमस्टे आणि काजू-कोकमाच्या दुकानासाठी सिमँटिक सर्चचं घरगुती गाइड

गेल्या मे महिन्यात रात्री साडेआठला वहिनीचा फोन आला. "भावजी, कोल्हापूरचे पावणे म्हणतात देवळापुढे उभे आहेत, मी इथं बॅटरी घेऊन फिरतेय, कोणच दिसत नाही." वहिनीचा होमस्टे कवळ्याला, शांतादुर्गेच्या देवळापासून चालत पाच मिनिटं. पावण्यांना लोकेशन पाठवायला सांगितलं तर ते होते फातर्प्याला, म्हणजे केपे तालुक्यात, मडगावच्याही पलीकडे. आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं, तेही शांतादुर्गेच्याच देवळापुढे होते, फक्त ती कुंकळ्ळीकरीण. धारगळला आणखी एक आहे. आमच्या वेबसाइटवर ठळक अक्षरात "शांतादुर्गा देवळाजवळ राहण्याची घरगुती सोय" असं लिहिलेलं, आणि कुठली शांतादुर्गा ते लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं, कारण कवळ्याच्या माणसाला दुसरी आठवतच नाही. ती वेबसाइट मीच केलेली, त्यामुळे बोलणी मीच खाल्ली.

मी फोंड्यात बसून छोट्या धंद्यांच्या वेबसाइटी करतो. त्या रात्रीनंतर वहिनीचं सगळं ऑनलाइन प्रकरण मुळापासून परत केलं, आणि तेव्हा जे जे केलं ते इथं क्रमानं लिहितोय. होमस्टे असो, काजूचं दुकान असो, खाणावळ असो, काम साधारण हेच. सिमँटिक वेब, म्हणजे पानाचा अर्थ मशीनलाही कळेल असं वेब, म्हटलं की लोकांना वाटतं पीएचडीचा विषय, पण आपल्याला लागणारा त्यातला भाग एका वहीत बसतो.

आधी थोडी थिअरी, मग नाही

२००१ च्या मे महिन्यात टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला या तिघांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये लेख लिहिला, की वेबवरची पानं फक्त माणसांना वाचता येतात, मशीनला त्यांचा अर्थ कळत नाही, तो कळेल अशी सोय करूया. त्यातली बरीच स्वप्नं कागदावरच राहिली. धंद्याला उपयोगी पडला तो भाग दहा वर्षांनी आला. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग काढलं, म्हणजे दुकान, हॉटेल, किंमत, वेळ या गोष्टी मशीनला सांगायची एक सामायिक शब्दावली, त्याच वर्षी रशियाचं सर्च इंजिन यांडेक्सही आत आलं. मे २०१२ मध्ये गूगलचा नॉलेज ग्राफ, म्हणजे वस्तू आणि त्यांच्या नात्यांचा साठा आला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये विकिडेटा, विकिपीडियाच्याच घरातला, सगळ्यांनी मिळून भरायचा तसाच साठा. गूगलनं तेव्हा एक वाक्य वापरलं होतं, "थिंग्ज, नॉट स्ट्रिंग्ज". अक्षरं जुळवत बसू नका, वस्तू ओळखा.

हे गोवेकराला समजावायला फेणी पुरते. "फेणी" ही अक्षरं टाकली तर त्या अक्षरांची आपली काजूची फेणी आहे, सुतरफेणी आहे, तांदळाच्या फेण्या आहेत, आणि रोमीत, म्हणजे इंग्रजी लिपीत टाकलं तर बांगलादेशातला फेनी जिल्हा आणि त्याच नावाची नदी पण आहे. आपल्या काजू फेणीला, म्हणजे दारूला, २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण तो जीआय कुठल्या फेणीचा हे नुसत्या अक्षरांना कळत नाही. बेबिंका म्हणजे आपला थरांचा गोड पदार्थ, त्याची गंमत याहून मोठी. सप्टेंबर २०२४ मध्ये बेबिंका नावाचं चक्रीवादळ शांघायवर आदळलं, नाव मकावनं दिलेलं, तिथंही बेबिंका करतात. त्या आठवड्यात बेबिंका विकणाऱ्यानं आपलं नाव सर्च केलं असतं तर त्याला वादळच दिसलं असतं.

म्हणजे आपलं काम एवढंच, की मशीनला ठासून सांगायचं, मी कोण, कुठला, काय विकतो, आणि कोणाशी माझा काय संबंध.

पहिली पायरी : कॉम्प्युटर बंद, वही उघडा

हसू नका, अर्धं काम इथंच होतं. वहिनीबरोबर दुपारी जेवण झाल्यावर बसलो आणि वहीत फक्त तीन-तीन शब्दांची वाक्यं लिहिली.

घर – आहे – होमस्टे.
घर – गाव – कवळे.
कवळे – तालुका – फोंडा.
घर – जवळ – शांतादुर्गा, कवळे.
घरात – खोल्या – तीन.
दुकान – आवार – घराचंच.
दुकान – विकतं – आगळ (कोकमाचा मिठातला रस).

कर्ता, संबंध, कर्म. यालाच आरडीएफ म्हणतात, १९९९ पासून याचं स्टँडर्ड आहे, आणि वहिनीनं ते नाव न ऐकता अर्ध्या तासात चाळीस वाक्यं लिहून दिली. लिहिताना जी भांडणं होतात ती महत्त्वाची. दुकान आणि होमस्टे एकच की दोन? वहिनी म्हणाली एकच, दादा म्हणाला दोन, बिल बुक वेगळं आहे. शेवटी दोन ठरले, कारण दुकानात रस्त्यावरचं गिऱ्हाईक येतं, त्याच्या वेळा वेगळ्या, फोनही वेगळा. हा निर्णय आधी घेतला नाही तर पुढे दुकानाची वेळ होमस्टेला चिकटते आणि रात्री नऊला येणाऱ्या पावण्याला मॅप सांगतो "बंद आहे".

मग प्रत्येक वस्तूची सगळी नावं लिहा. गोव्यात हे काम इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक गावाला देवनागरी नाव, पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, इंग्रजी स्पेलिंग आणि कोकणी उच्चार असं चौघडं असतं. पणजी, पणजिम, पोणजें. कवळे मराठीत सरळ, पण रोमीत तीन तऱ्हा, आणि सरकारी कागदावर क्यू अक्षरानं सुरू होणारं जुनं स्पेलिंग. डिचोली, साखळी, केपे, हरमल यांची रोमी रूपं बाहेरच्या माणसाला दाखवलीत तर तो म्हणेल ही वेगळी गावं. उलटंही होतं, आपला फोंडा आणि कणकवलीकडचा फोंडाघाट, सर्चला दोन्ही सारखेच, आणि पुण्याहून येणारा माणूस दोन्हीकडून जातो. विमानतळाचं तर विचारूच नका, जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून "एअरपोर्टपासून किती लांब" या प्रश्नाला उत्तरच नाही, दाबोळी की मोपा ते आधी विचारावं लागतं. आमच्या पानावर आता दोन्ही अंतरं दोन्ही नावांनिशी लिहिलीत, विमानतळांचे तीन अक्षरी कोड सुद्धा, जीओआय आणि जीओएक्स.

ह्या नावांतलं एक ठरवून मुख्य करा, बाकीची पर्यायी म्हणून ठेवा. मुख्य नाव नंतर कुठंही बदलायचं नाही, बोर्डावर, बिलावर, मॅपवर, इन्स्टावर सगळीकडे अगदी तेच. पाटीवर "होमस्टे" आणि मॅपवर "गेस्ट हाऊस" असलं की मशीन दोन धंदे धरतं.

दुसरी पायरी : पत्ता आणि पिन

आपल्याकडचे पत्ते म्हणजे घर नंबर, वाडा, गाव, पंचायत, आणि मग "चर्चच्या मागे" किंवा "पिंपळाकडे". रस्त्याला नावच नसतं. ह्याला उपाय दोन, गूगल मॅपचा प्लस कोड, म्हणजे त्या जागेचा छोटा कोड, पत्त्यात जोडा, आणि पोस्ट खात्यानं २०२५ मध्ये आणलेला डिजिपिनही काढून ठेवा, दहा अक्षरांचा असतो आणि साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो.

अक्षांश-रेखांश घेताना दशांशानंतर किमान पाच आकडे घ्या, गूगलची अटच आहे. दोनच आकडे घेतले तर एक किलोमीटरभर इकडं तिकडं होतं, म्हणजे कवळ्याचं घर रामनाथीला सरकायला वेळ लागत नाही. आणि क्रम सांभाळा, आधी अक्षांश पंधरा पूर्णांक काहीतरी, मग रेखांश चौऱ्याहत्तरच्या आसपास. मी पहिल्या खेपेला घाईत उलटं टाकलं. टेस्ट (ती आठव्या पायरीत येते) पास झाली, कारण टेस्टला आकडे हवे होते, आकडे होते. दोन दिवसांनी सहज मॅपवर टाकून बघितलं तर वहिनीचं घर नॉर्वेच्याही उत्तरेला, भर समुद्रात. वहिनीला दाखवलं तर म्हणते, नुस्तें (मासे) तरी ताजं मिळेल.

तिसरी पायरी : बिझनेस प्रोफाइल

हे बहुतेकांनी केलेलं असतं म्हणून पटकन सांगतो. गूगलचं बिझनेस प्रोफाइल, बिंग प्लेसेस, अ‍ॅपल मॅप्सवरची धंद्याची नोंद, तिन्ही फुकट, तिन्ही भरा. मुख्य कॅटेगरी हीच सगळ्यात मोठी सिमँटिक गोष्ट आहे, कारण गूगल लोकल रिझल्ट लावताना तीन गोष्टी बघतं असं स्वतःच सांगतं, रेलेव्हन्स (शोधाशी किती जुळतं), अंतर आणि प्रॉमिनन्स (धंदा किती नावाजलेला). अंतर आपल्या हातात नाही, प्रॉमिनन्सला वेळ लागतो, रेलेव्हन्स मात्र कॅटेगरीपासून सुरू होतो. "हॉटेल" टाकायचा मोह आवरा, घरगुती तीन खोल्या असतील तर होमस्टेच निवडा. नावात "बेस्ट, चीप, नियर टेंपल" असलं काही कोंबू नका, नियमात बसत नाही आणि प्रोफाइल सस्पेंड झालं तर परत मिळवताना नाकी नऊ येतात. व्हिडिओ व्हेरिफिकेशन मागितलं तर पाटी, रस्ता, आणि आतून कुलूप उघडताना दाखवा, एकाच सलग शॉटमध्ये.

चौथी पायरी : पानात मार्कअप

आता वहीतली वाक्यं मशीनच्या भाषेत, त्यालाच मार्कअप म्हणतात. लिहायच्या पद्धती तीन आहेत, मायक्रोडेटा, आरडीएफए आणि जेसन-एलडी. गूगलला तिन्ही कळतात पण ते जेसन-एलडीच घ्या म्हणतं, आणि माझंही तेच मत, कारण तो पानात एका जागी वेगळा ठोकळा असतो, डिझाइन बदललं तरी तुटत नाही. कोड मी इथं देत नाही, स्कीमा डॉट ऑर्गवर प्रत्येक टाइपच्या पानाखाली उदाहरणं असतात, स्पेलिंग तिथूनच कॉपी करा. कुठे काय भरायचं ते सांगतो.

टाइप जितका बारीक तितका चांगला. नुसतं लोकल बिझनेस टाकण्यापेक्षा लॉजिंग बिझनेस, त्यापेक्षा बेड अँड ब्रेकफास्ट. दुकानाला स्टोअर किंवा ग्रोसरी स्टोअर. मग नेम, आणि अल्टरनेट-नेममध्ये वहीतली बाकीची नावं. पत्ता, जिओ (अक्षांश-रेखांश), फोन देशाच्या कोडसकट. चेक-इनची वेळ, खोल्या किती, पाळीव प्राणी चालतात का, आणि अमेनिटी फीचरमध्ये पार्किंग, शाकाहारी जेवण, वेस्टर्न टॉयलेट. देवदर्शनाला येणारे आजी-आजोबा असतात तेव्हा हा शेवटचा प्रश्न फोनवर हमखास येतो, आणि तो लोक सर्चमध्ये पण टाकतात. भाषा विचारली असेल तिथं मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अ‍ॅट-आयडी. प्रत्येक वस्तूला आपल्या साइटच्या पत्त्यावरून एक कायमची ओळख द्यायची आणि ज्या ज्या पानावर ती वस्तू येते तिथं तीच ओळख वापरायची. म्हणजे खोल्यांच्या पानावरचं घर आणि संपर्क पानावरचं घर एकच आहे हे कळतं. दुसरी गोष्ट सेम-अ‍ॅज, म्हणजे "हीच वस्तू दुसरीकडे इथं आहे", तिथं आपली मॅपची लिंक, इन्स्टा, फेसबुक द्या. आपलीच द्या, देवळाचं विकिपीडिया पान तिथं देऊ नका, त्याचा अर्थ "मी म्हणजेच ते देऊळ" असा होतो. मी एका खाणावळीच्या साइटवर सेम-अ‍ॅजमध्ये अख्ख्या मडगावचं पान बघितलंय.

देऊळ वेगळी वस्तू म्हणून मांडा. हिंदू टेंपल असा टाइप स्कीमात आहे. देवळाचं नाव "श्री शांतादुर्गा, कवळे" असं गावासकट, आणि त्या देवळाच्या सेम-अ‍ॅजमध्ये त्या देवळाची विकिडेटा नोंद. एवढं केलं की कुठली शांतादुर्गा हा प्रश्न मशीनपुरता मिटला. माणसांसाठी म्हणून पानावर एक साधं वाक्यही टाकलंय, "फातर्प्याची कुंकळ्ळीकरीण वेगळी, हे कवळे, फोंड्याजवळ." खरं सांगू, कोल्हापूरच्या पावण्यांना त्या वाक्यानंच वाचवलं असतं.

आता छोट्या छोट्या गोष्टी ज्यावर माझे तास गेले. आकडे इंग्रजी लिपीतलेच टाका, पान मराठी असलं तरी मार्कअपमध्ये देवनागरी आकडे चालत नाहीत. किमतीत रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम, "फक्त", "/-" काही नको, नुसता आकडा, आणि चलन वेगळ्या खान्यात आयएनआर. कोड एमएस वर्डमध्ये किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये चिकटवून ठेवलात तर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होतात आणि अख्खा ठोकळा मरतो, एरर कुठे आहे ते डोळ्यांना दिसतही नाही. वर्डप्रेस असेल तर एसईओ प्लगइन स्वतःच मार्कअप घालतो, कधीकधी थीमही घालते, आणि मग एकाच खोलीच्या दोन किमती निघतात, एक आजची, एक दोन वर्षांपूर्वीची. दोघांतलं एक बंद करा. आणि स्टार-रेटिंग नावाचं खानं दिसलं म्हणून त्यात गिऱ्हाइकांचे तारे भरू नका, ते हॉटेलच्या अधिकृत दर्जासाठी आहे.

पाचवी पायरी : दुकानाचा माल

प्रत्येक वस्तूला स्वतःचं पान, त्यात प्रॉडक्ट, आणि प्रॉडक्टच्या आत ऑफर, म्हणजे किंमत, चलन, स्टॉकमध्ये आहे की नाही. मानकुराद आंब्याचा सीझन संपला की "आउट ऑफ स्टॉक" करा, पान उडवू नका, पुढच्या वर्षी तेच पान कामाला येतं. काजूचे ग्रेड असतात, डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात. दुकानदाराला हे तोंडपाठ असतं पण पानावर नुसतं "काजू मोठे" लिहितात. ग्रेड वेगळ्या खान्यात द्या, घाऊक गिऱ्हाईक ग्रेडनंच शोधतं. पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असतोच, तो पानावरही दिसू दे.

मग हीच माहिती गूगलच्या मर्चंट सेंटरला फीड, म्हणजे मालाची यादी म्हणून द्या, शॉपिंग टॅबमध्ये फुकट लिस्टिंग मिळतं. फीडमधली किंमत आणि पानावरची किंमत जुळली नाही तर माल नाकारला जातो, त्यामुळे किंमत एकाच जागी बदलेल अशी सोय करा. फेणी ह्या सगळ्यातून बाहेर ठेवा, दारूचे नियम वेगळे, आधी एक्साइज, मग वेबसाइट.

सहावी पायरी : दुकानातल्या दुकानात शोध

इथं मला सगळ्यात जास्त मजा आली. वहिनीच्या साइटवर दीडशेच्या आसपास वस्तू, आणि सर्चचा बॉक्स वर्डप्रेसचा साधा, अक्षराला अक्षर जुळवणारा. पुण्याचं गिऱ्हाईक "आमसूल" टाकतं, काही सापडत नाही, निघून जातं. माल असतो, पण आमच्याकडे त्याचं नाव "सोलां".

कोकमाचं पूर्ण कुटुंब वहीत मांडलं. झाड आणि फळ, आमच्याकडे भिरंड, सिंधुदुर्गात रातांबा. सुकवलेली साल, म्हणजे सोलां, आमसूल, बाजारात नुसतं कोकम. मिठातला रस तो आगळ. साखरेतला तो सरबताचा पाक, त्यालाही लोक कोकमच म्हणतात. बियांचं तेल ते भिरंडेल, टाचांच्या भेगांना लावायचं. आता यातले काही शब्द एकाच वस्तूची नावं आहेत आणि काही नुसते नातेवाईक. सोलां आणि आमसूल एकच. आगळ आणि सोलां एकाच फळाची, पण आमटीत एकाच्या जागी दुसरं सरळ टाकता येत नाही, मीठ बघावं लागतं. भिरंडेल तर खाण्याच्या शेल्फवर नकोच.

हे मांडायला एक स्टँडर्ड आहे, एसकॉस, २००९ पासूनचं. त्यात प्रत्येक कल्पनेला प्रत्येक भाषेत एकच मुख्य लेबल, हवी तितकी पर्यायी लेबलं, आणि मग ब्रॉडर, नॅरोअर, रिलेटेड अशी नाती. आम्ही ते साध्या स्प्रेडशीटमध्ये केलं. एक ओळ एक कल्पना, पहिला कॉलम आयडी, मग मराठी मुख्य नाव, कोकणी मुख्य नाव, इंग्रजी, मग पर्यायी नावं, मग वरची कल्पना, मग संबंधित. दीडशे वस्तूंना एक रविवार आणि दोन चहा लागले.

त्या शीटवरून सर्च इंजिनला समानार्थी शब्द द्यायचे. मेलीसर्च, टाइपसेन्स, इलास्टिकसर्च, कुठलंही घ्या, दीडशे वस्तूंना सगळेच जड होत नाहीत. लक्षात ठेवायचं एवढंच, की समानार्थी शब्द दोन प्रकारचे असतात. दोन्ही बाजूंचे, आमसूल म्हणजे सोलां आणि सोलां म्हणजे आमसूल. आणि एकाच बाजूचे, "कोकम" टाकलं तर सोलां, आगळ, सरबत सगळं दाखव, पण "आगळ" टाकलं तर फक्त आगळ. हा फरक न करता सगळे शब्द एका ओळीत टाकले तर भिरंड शोधणाऱ्याला भिरंडेल मिळतं आणि तो ते सोलकढीसाठी मागवतो.

मराठीचे आणखी दोन ताप. एक, तेच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेनं टाइप होतं, अ‍ॅ एक, ऍ दुसरं, दिसायला जवळजवळ सारखी पण आतून वेगळी, शिवाय अनुस्वार कोणी देतो कोणी नाही, भिरंड-भिरण्ड. सर्चला देण्याआधी हे सगळं एका रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहून घ्या. दोन, स्पेलिंग सुधारणारं फीचर. ते आपल्या शब्दांना ओळखत नाही, आमच्याकडे त्यानं "सोलां" ची चूक काढून "सोळा" केलं आणि सोळा पाकिटांचा बॉक्स दाखवला. कोकणी शब्दांची यादी देऊन तेवढ्यापुरतं बंद केलं.

आता सगळे विचारतात, एआय आहे ना, व्हेक्टर सर्च लावा, अर्थावरून शोधेल. लावून बघितलं. त्यात प्रत्येक वाक्याचे आकडे करतात आणि जवळजवळचे आकडे म्हणजे जवळचा अर्थ असं धरतात, गूगलनेही ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्चमध्ये बर्ट नावाचं भाषेचं मॉडेल आणलं ते त्याच घराण्यातलं. लांबलचक प्रश्नांना ते खरंच छान चालतं, "पित्तावर घरगुती काहीतरी" टाकलं तर कोकम सरबत वर येतं, हे समानार्थी यादीला जमत नाही. पण "सोलां", "भिरंडेल" असल्या शब्दांवर गडबडतं, कारण मॉडेलनं गोव्याचं लिखाण फारसं वाचलेलंच नाही. म्हणून दोन्ही एकत्र ठेवलं, आधी शीटमधली यादी, तिथं काही नाही मिळालं तरच व्हेक्टर. घेण्याआधी तुमच्या गिऱ्हाइकांचे खरे तीस शोध लिहून काढा, सर्चच्या लॉगमध्ये असतात, आणि प्रत्येकाला पहिल्या तिनात योग्य वस्तू येते का ते हातानं मोजा. विकणारा जो डेमो दाखवतो तो नेहमीच चालतो.

सातवी पायरी : विकिडेटा आणि ओपन स्ट्रीट मॅप

स्वतःच्या होमस्टेची विकिडेटा नोंद करू नका, उडवतात, आणि बरोबर उडवतात. त्याऐवजी आपल्या आजूबाजूचं दुरुस्त करा. विकिडेटात प्रत्येक वस्तूला क्यू नंबर असतो, भारत क्यू ६६८, गोवा क्यू ११७१, आणि संबंधांना पी नंबर, पी ३१ म्हणजे "हे काय आहे", पी १३१ म्हणजे "कुठल्या प्रशासकीय भागात". तुमचं गाव काढा, मराठी लेबल आहे का बघा, नसेल तर भरा, पर्यायी नावांत जुनं पोर्तुगीज स्पेलिंग टाका, अक्षांश-रेखांश तपासा. कधीकधी एकाच गावाच्या दोन नोंदी सापडतात, त्या नीट बघून मर्ज करायच्या. डेटा सीसी-झिरो आहे, कोणीही कशालाही वापरतो, त्यामुळे इथं सुधारलेलं नाव पुढे कुठल्या अ‍ॅपमध्ये उगवेल सांगता येत नाही.

उलट दिशेनं फायदाही घ्या. विकिडेटाच्या क्वेरी पानावर क्वेरी बिल्डर आहे, स्पार्कल भाषा न शिकता खानी भरून विचारता येतं, "गोव्यातली हिंदू देवळं, मराठी नावासकट, मॅपवर." ती यादी काढून वहिनीच्या पानावर "इथून कुठे कुठे जाता येईल" असा भाग केला, मंगेशी, म्हार्दोळची महालसा, रामनाथी, नागेशी. अंतरं मात्र स्वतः स्कूटरवर जाऊन लिहिली, कारण विकिडेटाच्या अक्षांश-रेखांशावरून सरळ रेषेतलं अंतर निघतं आणि आपले रस्ते सरळ नाहीत.

ओपन स्ट्रीट मॅपवर होमस्टे टाकायला हरकत नाही, तिथं खरी अस्तित्वात असलेली जागा चालते. नावाच्या खान्यात मराठी, कोकणी, इंग्रजी वेगवेगळं भरता येतं.

आठवी पायरी : तपासणी, आणि कोणाला नाही म्हणायचं

दोन टूल. स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर व्याकरण तपासतो, गूगलची रिच रिझल्ट्स टेस्ट सांगते की गूगल त्यातलं काय दाखवायला वापरेल. दोन्हीत पास झालं तरी मजकूर खरा आहे याची खात्री कोणी देत नाही, नॉर्वे आठवा. नंतर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकासाठीच्या गूगलच्या पानावर लक्ष ठेवा, आणि पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

आता एजन्सीचा किस्सा. मी हे सगळं परत करायच्या आधी वहिनीनं एका एजन्सीला पैसे दिले होते. त्यांनी पानाच्या मार्कअपमध्ये ४.९ तारे आणि दोनशे बारा रिव्ह्यू घातलेले, पानावर एकही रिव्ह्यू नाही. तीन खोल्यांचा होमस्टे, उघडून आठ महिने, दोनशे बारा रिव्ह्यू! गूगलनं सप्टेंबर २०१९ पासूनच लोकल धंद्यांनी स्वतःच्या साइटवर स्वतःला दिलेले तारे दाखवणं बंद केलंय, म्हणजे फायदा शून्य, आणि पानावर न दिसणारी गोष्ट मार्कअपमध्ये घालणं नियमाविरुद्ध, त्याबद्दल सर्च कन्सोलमध्ये नोटीस आलेली पडून होती. मार्कअप काढलं, रीकन्सिडरेशन रिक्वेस्ट, म्हणजे परत तपासा अशी विनंती टाकली, निस्तरलं.

म्हणून कोटेशन वाचताना बघा. "एफएक्यू स्कीमा (प्रश्नोत्तरांचं मार्कअप) लावून सर्चमध्ये जागा वाढवून देतो" असं असेल तर माणूस जुना आहे, ऑगस्ट २०२३ पासून ते सरकारी आणि आरोग्याच्या मोठ्या साइटींपुरतंच राहिलं आणि हाऊ-टू, म्हणजे कृतीच्या पायऱ्यांचं मार्कअप, दाखवणं त्याच सुमारास गेलं. "पहिल्या नंबरची गॅरंटी" असेल तर चहा पाजून वाटेला लावा. उलट जो माणूस पहिल्या भेटीत तुमच्या गावाची सगळी स्पेलिंगं विचारतो, बिल बुक बघायला मागतो, त्याला काम द्या.

एआय असिस्टंटना विचारून लोक राहायची जागा शोधायला लागलेत, त्यासाठी वेगळी जादू काही नाही. महत्त्वाच्या गोष्टी फोटोत किंवा पीडीएफ मेनूकार्डात न ठेवता साध्या मजकुरात लिहा, भाडं, जेवणाची वेळ, बसस्टँडपासून अंतर. टूरिझम खात्याकडचा रजिस्ट्रेशन नंबर असेल तर तोही, १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागतेच, मग लपवायचा कशाला.

नंतर दर महिन्याला

पहिल्या तारखेला अर्धा तास. किमती, स्टॉक, फोन, फोटो. नवीन आलेले न सापडलेले शोध शीटमध्ये. गेल्या महिन्यात "तिवळ" (कोकमाचं पातळ पेय) हा शोध आला होता, कोणीतरी तीनदा शोधून गेलं, तो आगळला जोडला.

आणि वेळा. चवथीला दुकान पाच दिवस बंद असतं, पण होमस्टे चालू, कारण दादा घरीच असतो. हे नेहमीच्या वेळा बदलून करायचं नाही, स्पेशल ओपनिंग अवर्समध्ये कधीपासून कधीपर्यंत ते तारखेनं द्यायचं, म्हणजे नंतर परत बदलायला विसरलं तरी आपोआप पूर्ववत होतं. तिथी दरवर्षी सरकते, त्यामुळे मागच्या वर्षीची तारीख कॉपी करू नका, पंचांग बघा. यंदाची वहिनीनं स्वतः भरली, दुकानाच्या खान्यात, होमस्टेच्या नाही, आणि मला फोन करून विचारलं, "मार्कअपमध्ये चवथ कशी लिहायची भावजी, चतुर्थी की चवथ?" म्हटलं तिथं फक्त तारीख लागते, नाव लिहायला पानावर जागा आहे, दोन्ही लिही.